रसीद

गेल्या हिवाळ्यात लखनौत आम्ही एका बोर्डावर प्रोग्राम चढवत बसलो होतो. जोडणी व्हायची, रजिस्टरं वाचता यायची. पण ‘लोड’ दिलं की टाइमआउट. शेजारचा तिथला इंजिनिअर लॉगवर बोट ठेवून म्हणाला, “सर, रसीद ही नहीं आ रही.”

अक्षरशः खरं होतं ते. आम्ही वापरत होतो तो जीडीबी हा डिबगर रिचर्ड स्टॉलमननं १९८६ साली लिहिला. दूरच्या बोर्डाशी बोलताना तो प्रत्येक पॅकेट $ नं उघडतो, # नं मिटतो आणि मागे बाइटांच्या बेरजेला २५६ नं भागून उरलेली बाकी लावतो. ती जुळली तर बोर्ड + पाठवतो, नाही तर −. आमच्या लहान पॅकेटांना + यायचा. लोडच्या मोठ्या पॅकेटांना + नाही आणि − सुद्धा नाही. बोर्डाचा बफर आधीच भरायचा, शेवटचा # त्याला दिसतच नव्हता.

मी मात्र ‘रसीद’पाशीच अडकलो. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या शब्दकोशानं (१८८६) हा शब्द इंग्रजी ‘रिसीट’चा देशी अपभ्रंश ठरवला, फारसीनं त्याला फक्त आकार दिला असावा म्हणे. मला हे मुळीच पटत नाही. इंग्रजी ट आपल्याकडे ट च राहतो: हिंदीत टिकट, रपट. ‘लॉर्ड’मधल्या ड चासुद्धा ‘लाट’ झाला. मग ‘रसीट’ का नाही झालं? फारसीत ‘रसीदन’ म्हणजे पोचणं आणि ‘रसीद’ म्हणजे ‘पोचलं’, अख्खं क्रियापद. लखनौचा अवध तर १८५६ पर्यंत नवाबांकडे होता आणि त्यांचं दफ्तर फारसीत. इंग्रजी अमलात ध्वनिसाम्यानं शब्द जास्त फिरला असेल, एवढं मी यूलना देतो. जन्म देत नाही.

माझा सर्वांत भक्कम साक्षीदार मराठीतलाच आहे. ‘पावती’ आली ‘पावणे’वरून, आणि पावणे म्हणजे पोचणे. पत्राची तर आपण ‘पोच’च देतो. ‘रिसीट’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘घेणं’ आहे. तिथे घेणारा बोलतो. रसीद, पावती, पोच या तिघांचं लक्ष वस्तूकडे: आली का?

जीडीबीचा + याच कुळातला. पॅकेट धड आलं, एवढंच तो सांगतो. मेमरीत लिहून झाल्याचा ओके वेगळा येतो. आम्ही मेमरीत लिहायच्या पॅकेटचा आकार कमी केला आणि पुन्हा लोड दिलं. + आला, पाठोपाठ ओके.