तोरण्याचें धन आणि तुर्भ्याचा धातु

वेल्ह्याहून तोरणा चढतांना विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात : "सर, धन नेमकें कोठें सांपडलें?" इ. स. १६४६ च्या सुमारास हा गड शिवाजीमहाराजांच्या हातीं आला. डागडुजी करतांना द्रव्य सांपडलें आणि तें राजगडाच्या बांधकामीं खर्चीं पडलें, अशी परंपरा आहे. धनाची चौकशी सारेच करतात. पण ज्या पहारींनीं गडाचा कातळ फुटला, त्यांचें लोखंड कोणीं तापविलें, त्यांस पाणी कोणीं दिलें, हें मला आजवर एकाहि विद्यार्थ्यानें विचारलेलें नाहीं. धातु जाणणारा मनुष्य इतिहासांत बहुधा निनांवीच राहतो. आपल्या काळांतील अशा एका धातुज्ञाचें नांव तरी तसें हरवूं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

अणुभट्टींत युरेनियमच्या अणूंचें विभाजन न्यूट्रॉन नामक सूक्ष्म कणांमुळें अखंड चालतें. इंधनावरील आवरण व त्यास सामावणाऱ्या नळ्या हेच कण गिळूं लागल्या, तर भट्टी पेटणें कठीण. पोलाद बळकट खरें, पण या बाबतींत खादाड. झिर्कोनियम मात्र मिताहारी. अडचण एवढीच कीं, निसर्गांत त्याच्या सोबतीस हाफ्नियम हा त्याचा जणूं जुळा भाऊ असतो, आणि तो कांहींशें पट अधिक न्यूट्रॉन खातो. या दोघांची फारकत कशी करावी, यावर ब्रह्मप्रकाश व सुंदरम् या भारतीय शास्त्रज्ञांचा निबंध १९५५ सालच्या जिनीव्हा परिषदेपुढें आला होता.

शुद्ध धातु हातीं आला, तरी त्याचा स्वभाव कळणें हें निराळेंच काम. तें ज्यांनीं आपलें मानलें, ते श्रीकुमार बॅनर्जी १९४६ सालीं कलकत्त्यास जन्मले. खरगपूर येथें धातुशास्त्राची पदवी घेऊन ते मुंबईजवळ तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रांत आले, आणि तेंच त्यांचें कार्यक्षेत्र झालें. झिर्कोनियम सुमारें ८६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापला कीं त्याच्या अणूंची मांडणी बदलते. पुढें तो सावकाश निवाला तर एक रचना, एकाएकीं निवविला तर दुसरी. आपल्या खेड्यांतील लोहार हें तत्त्व हातानें जाणतो : लोखंड तेंच, पण पाणी चुकलें तर कोयत्याची धार वळते किंवा तुटते. बॅनर्जींनीं हें अणूंचें स्थलांतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं वर्षानुवर्षें न्याहाळलें. १९८९ सालीं त्यांस भटनागर पारितोषिक मिळालें. सहकारी मुखोपाध्याय यांच्यासह लिहिलेला त्यांचा या विषयावरील बृहद्ग्रंथ २००७ सालीं प्रसिद्ध झाला.

ही केवळ पंडितांची करमणूक काय, असें कोणी विचारील. उत्तर कॅनडांतील पिकरिंग येथें मिळालें. १ ऑगस्ट १९८३ रोजीं तेथील एका भट्टीची दाबनळी अकस्मात् फुटली. जड पाण्यांतून धातूंत मुरलेला हायड्रोजन नळीच्या थंड जागीं जमून ती ठिसूळ झाली होती. त्याच जातीच्या मिश्रधातूच्या नळ्या आपल्या राजस्थानांतील भट्ट्यांत होत्या. आणि १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर कॅनडानें आपल्याशीं सहकार्य तोडलेलें. ज्याच्याकडून विद्या घेतली, त्यालाच विचारण्याची सोय उरली नव्हती. अशा वेळीं तुर्भ्याच्या प्रयोगशाळेंत सांठलेलें ज्ञानच उपयोगी पडलें. अडीच टक्के नायोबियम मिसळलेल्या झिर्कोनियमच्या नळ्या देशांतच घडूं लागल्या. १९९५ सालीं काक्रापारच्या दुसऱ्या भट्टींत त्या बसल्या. त्या नळ्यांचें अंतरंग जाणणाऱ्यांत बॅनर्जी व त्यांचे सहकारी अग्रभागीं होते.

पुढें २००४ सालीं ते केंद्राचे संचालक व २००९ सालीं अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. परंतु अधिकारपदांपेक्षां आधींचीं तीन तपें मला मोलाचीं वाटतात. त्या काळांत वृत्तपत्रांस सांगण्याजोगें फारसें कांहीं घडत नव्हतें, आणि घडत होतें तेंच खरें. २०२१ च्या मे महिन्यांत ते निवर्तले.

या कथेला विजयाचा शेवट देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ११ मार्च २०१६ रोजीं काक्रापारच्या पहिल्या भट्टींत नव्या मिश्रधातूचीच एक नळी चिरली, आणि अभ्यास पुन्हां सुरू झाला. तोरण्याचें धन एकदां सांपडलें आणि खर्चून संपलें; धातूचें ज्ञान मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें खणून काढावें लागतें. पुढच्या वेळीं गड चढतांना विद्यार्थ्यांस लोखंडाचा प्रश्न मीच विचारणार आहें.