शेतात सापडलेला कंपनीचा पैसा काय सांगतो आणि काय नाही

शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना तांब्याचं नाणं निघालं, की पहिला अंदाज ठरलेला असतो: ‘१८१८ च्या लढाईतलं असणार!’ अंदाज अगदीच निराधार नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी तिची लढाई झाली. आजचा पुणे–नगर रस्ताही शिक्रापुरातूनच जातो.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. संशोधनाकडे वळणाऱ्यांना हा फरक शिकायला एक पैशाचं नाणं पुरेसं आहे, म्हणून हा लेख.

आधी नाणं ओळखू

साधन काय लागतं? भिंग, व्हर्नियर आणि सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा. मग एकेक प्रश्न विचारत जायचं.

अक्षरं देवनागरी आहेत का? एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असेल, तर ती शिवराई. ती ब्रिटिश नाही, पण इंग्रजी अमलातही बरीच वर्षं बाजारात चालत होती.

तराजू आहे का? असेल तर ते मुंबई इलाख्याचं कंपनीचं नाणं. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असा शब्द असतो. यातली १७९१ आणि १७९४ सालची नाणी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडून जहाजाने इकडे आणली होती. त्यांच्या दुसऱ्या बाजूला कंपनीचं बदामाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह आहे. लढाईच्या काळाशी जुळणारी कंपनीची नाणी ही अशी.

कंपनीचं राजचिन्ह आणि मागे पानांच्या वेढ्यात ‘वन क्वार्टर आना’? मग हा १८३५ च्या कायद्यानंतरचा पैसा. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणून पाव आणा म्हणजे एक पैसा. ठरलेलं वजन १०० ग्रेन, साधारण ६.४८ ग्रॅम. लोक सर्रास ‘कंपनीचं नाणं’ म्हणून दाखवतात ते बहुधा हेच, आणि ते लढाईनंतर निदान १७ वर्षांनी पाडलेलं आहे.

राणीचा चेहरा असेल तर १८६२ किंवा नंतरचं. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असेल तर १८७६ पर्यंतचं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचं. १९०६ मध्ये तांब्याऐवजी काशाचा (ब्राँझचा) पैसा आला आणि वजन ७५ ग्रेन, म्हणजे सुमारे ४.८६ ग्रॅम झालं. साल झिजलं असेल तर इथे वजनकाटा कामाला येतो. भोकाचा पैसा १९४३ पासूनचा.

आता सावधगिरीची गोष्ट. एका बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ आणि दुसरीकडे हनुमान किंवा रामदरबार अशी ‘नाणी’ बाजारात ढिगाने मिळतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. कोरेगावच्या परिसरात १८१८ हा आकडा दिसला की माणूस पटकन विश्वास ठेवतो. आपल्याला हवं तेच उत्तर देणारा पुरावा जास्त कसून तपासावा, तो यासाठीच.

नाण्यावरचं साल कशाचं?

समजा, खरंच तराजूवालं नाणं हाती आलं. मग ते लढाईतलं ठरलं का? नाही. नाण्यावरचं साल एवढंच सांगतं, की ते त्याआधी जमिनीत गेलेलं नाही. नंतर कधीही गेलेलं असू शकतं. त्यातही साल नेहमी खरं असतंच असं नाही. कंपनीचा १८४० सालचा चांदीचा रुपया तेच साल ठेवून १८६१ पर्यंत पाडला जात होता.

शिवाय नाणी फिरतात. शिरूरला छावणी १८१८ च्या आधीपासून होती. शिपायांचा पगार, वाण्याची उधारी, बाजारहाट यातून कंपनीचं तांबं या भागात येणारच. आणे-पैशांचा हिशोब तर १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत येईपर्यंत चालला. जुना पैसा एखाद्याच्या कनवटीतून कधी पडला, हे नुसत्या नाण्याला विचारून कळत नाही.

जमीनही हलते

‘दोन फूट खोल होतं, म्हणजे जुनंच,’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. भीमेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, खालची नांगराने वर येते. त्यात कुणी दुसरीकडचा गाळ शेतात टाकलेला असतो, प्लॉटिंगसाठी बाहेरून मुरूम आणलेला असतो. अशा जमिनीत खोली म्हणजे वय नव्हे.

डिटेक्टर काय करतो?

त्याच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत भोवरा प्रवाह तयार होतात आणि त्यांचं उलट येणारं क्षेत्र यंत्र पकडतं. तांबं उत्तम वाहक, म्हणून संकेत जोरात येतो. पण जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगची तारही तांब्याचीच! आणि आपल्या बेसॉल्टमधल्या चुंबकीय खनिजांमुळे यंत्र उगाचही कुरकुरतं.

यंत्र वाईट नाही, प्रश्न पद्धतीचा आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये गवताला वणवा लागला. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी डिटेक्टर घेऊनच तिथे पाहणी केली. फरक एवढाच, की प्रत्येक वस्तूची जागा आधी नकाशावर नोंदली गेली. काडतुसांच्या त्या नकाशावरून कोण कुठून कुठे सरकलं हे मांडता आलं. तीच काडतुसं खिशात घालून नेली असती, तर उरलं असतं फक्त पितळ.

आपल्याकडे ‘हे नाणं लढाईतलं’ असं म्हणायचं असेल, तर काय दिसायला हवं ते आधी लिहून ठेवा. एकाच जागी अनेक वस्तू हव्यात. सोबत शिशाच्या गोळ्या, चकमकीचे दगड, गणवेशाची बटणं हवीत. त्या घोळक्यात १८१८ नंतरचं काही नको. एकट्या नाण्यावर यातली एकही अट तपासता येत नाही.

मग सापडलं तर काय?

स्वतः यंत्र घेऊन खणू नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं.

सहज हाती आलं, तर जागेचा फोटो, जीपीएस, खोली आणि तारीख लगेच लिहा. चिंच-लिंबू लावून घासू नका. हिरवा थर हा तांब्याचा कार्बोनेट असतो आणि कित्येकदा अक्षरांचा उठाव त्या थरातच टिकलेला असतो. आम्लाने थर गेला की अक्षरंही जातात, आणि वजन घटल्यामुळे पुढचं मोजमापही बिघडतं.

शिरूर तालुक्यातलंच इनामगाव बघा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. खापराचा तुकडा कोणत्या थरात, कोणत्या घरात होता हे नोंदलं, म्हणून ताम्रपाषाण काळातलं एक अख्खं गाव आपल्याला वाचता आलं. खापराला बाजारात किंमत शून्य. कोरेगावच्या लढाईशी लाखो लोकांच्या भावना जोडलेल्या आहेत, तिच्या नावाने पुरावा मांडताना निदान खापराइतकी तरी काळजी घ्यायला हवी. नाणं विकत मिळतं, पण ते जिथे पडलं होतं ती जागा एकदा खणली की पुन्हा मिळत नाही.