मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत, तरी रुग्ण का येत नव्हते?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले पारदर्शक भिंग गढूळ होणे. पूर्वी गावोगाव फिरणारे उपचारक सुईने हे भिंग डोळ्यात मागे ढकलून देत. थोडे दिसू लागे, पण जंतुसंसर्गाने अनेकांचा डोळाच जाई.

विसाव्या शतकात नेत्रशिबिरे आली. शाळेत किंवा तंबूत एकेका शिबिरात शेकडो शस्त्रक्रिया होत. १९७६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही सुरू केला. तेव्हा गढूळ भिंग काढून रुग्णाला साधारण +१० नंबरचा जाड चष्मा देत. हा चष्मा फुटला की माणूस पुन्हा परावलंबी होई.

यावरचा उपाय म्हणजे डोळ्यातच बसवायचे कृत्रिम भिंग. डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये ते प्रथम बसवले. भारतात मात्र ते आयात करावे लागे आणि गरिबाला परवडत नसे. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न 'ऑरोलॅब'ने ते स्वस्तात बनवायला सुरुवात केली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला आणि शस्त्रक्रिया तंबूतून रुग्णालयात आल्या.

पण भिंग स्वस्त झाले म्हणून प्रश्न सुटत नाही. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद रुग्णालयाला एक गोष्ट लवकर कळली होती: शस्त्रक्रिया मोफत असूनही खेड्यातले अनेक रुग्ण येत नव्हते. बसभाडे, जेवणखाण, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी आणि मनातली भीती, हे सगळे आड येत होते. म्हणून रुग्णाला गावाजवळच्या शिबिरातून नेणे, जेवण देणे आणि परत पोहोचवणे हे उपचाराचाच भाग झाले.

आजही हे लागू आहे. घरातले वडीलधारे "आता वयच झालं, कशाला खर्च?" म्हणतात, तेव्हा बहुधा त्यांना आपल्याला त्रास द्यायचा नसतो. त्यांना सोबत घेऊन जा. नंतर थेंब वेळेवर घाला, फेरतपासणी चुकवू नका. काचबिंदूसारख्या आजारात गेलेली दृष्टी परत येत नाही. अशा वेळी पांढरी काठी, चालण्याचे प्रशिक्षण आणि घरातल्या वस्तू ठरलेल्या जागी ठेवणे यामुळे माणूस आपली कामे आपण करू शकतो.