बसघर : निसर्गस्नेही साहित्य

प्रवासी वाहतुकीतून बाद झालेल्या बसगाडीच्या सांगाड्यात उभारलेले राहते घर. केन केसी या अमेरिकन कादंबरीकाराने १९३९ सालची शाळेची बस घेऊन १९६४ मध्ये देश पालथा घातला, तेव्हापासून या प्रकाराचा विशेष बोलबाला झाला. भारतात गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करावयाचा तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये परिवहन कार्यालयाची मंजुरी अगोदर मिळवावी लागते.

बसचा पत्रा उन्हात तत्काळ तापतो आणि थंडीच्या रात्री, आत माणसे निजली व चूल पेटली म्हणजे, श्वासाची व वाफेची ओल त्याच पत्र्यावर थेंबाथेंबाने जमून त्याला आतून गंज चढवते. म्हणून अस्तराचे साहित्य उष्णतारोधक, हलके, हादरा सोसणारे व ओल शोषून पुन्हा सोडणारे असावे लागते.

परंड्यासारख्या मराठवाड्याच्या कोरड्या मुलखात या प्रश्नाचा विचार करताना मन प्रथम माळवदाकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण तुळया, त्यांवर किलचण आणि त्यावर फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर असे ज्याचे छत, त्या घरात वैशाखातली दुपारही सुसह्य जाते. तथापि हे साहित्य बसला वर्ज्यच मानावे. सुमारे ११ मीटर लांब व २.५ मीटर रुंद गाडीच्या तळावर एक इंच माती अंथरली, तरी तिचे वजन टनाहून अधिक भरते, म्हणजे पंधरा-सोळा उतारू कायमचे गाडीत बसविल्यासारखे होते. जड माती आणि हादरा यांची गाठ पडली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारीने आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरने भोगले आहे. आणि चालती बस ही तर रोज हादरणारी वास्तू.

बसघरास साजेसे साहित्य सापडते ते याच मुलखातल्या फिरत्या लोकांपाशी. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, तिला वस्त्राच्या बाजारात मोल येत नाही. परंतु पिंजून गाडीच्या बरगड्यांमध्ये भरली असता ती हवा कोंडून धरते, आणि आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. कसर लागू नये म्हणून ती टाकणखाराच्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवावी. चिंचोक्याची खळ चोळून ताणलेली घोंगडी खिडकीवर टांगली म्हणजे ती पातळ पडद्यासारखी फडफडत नाही, जड तट्ट्यासारखी उभी राहते व उन्हाची तिरीप अडवते; ही घोंगडी ज्या मागावर विणली जाते तो अजून चालता राहावा, हेही बसघर बांधणाऱ्याने मनात धरण्यासारखे आहे.

आतील तक्तपोशीस बांबूच्या पट्ट्या उत्तम, कारण त्या लवतात. जुन्या प्लायवुडातील काही सरसांतून सुटणारा फॉर्मल्डिहाइड वायू तापलेल्या बंद गाडीत डोळ्यांना व घशाला झोंबतो. ती अडचण येथे टळते. मात्र बांबूला भुंगा लागतो, म्हणून त्यालाही टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरवावे लागते. वर जवसाचे तेल द्यावे. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट पापुद्रा धरते. याच क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप पेट घेतात. असे बोळे सुटे पसरून उघड्यावर वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

ऊसतोड मजुरांची कोपी हा या विषयातील सर्वांत जवळचा दाखला. परंडा, भूम, वाशी या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या टोळ्या फडाजवळ बांबूच्या कमानी रोवून त्यांवर चटई, पाचट घालतात आणि पाच-सहा महिने त्यातच संसार करतात. त्या निवाऱ्यामागील हाल कोणी विसरू नयेत. परंतु बांबू व पाचट यांची जाण त्या हातांत आहे, हे खरे. हंगाम सरला की सुतळ्या सोडल्या जातात, बांबू मोजून गाडीत चढतात, आणि पाचट फडातच राहते.