रामाराव, अल्ला वेंकट

(जन्म : २ एप्रिल १९३५). भारतीय कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. लाख व फणस यांच्यातील नैसर्गिक रंगद्रव्यांच्या अभ्यासाने त्यांच्या संशोधनाची सुरुवात झाली. पुढे कर्करोग व एड्स यांवरील औषधे भारतात तयार करण्याच्या पद्धती विकसित केल्याबद्दल ते विशेष ओळखले जाऊ लागले.

त्यांचा जन्म आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) त्यांनी १९६० मध्ये बी.एस्‌सी. (टेक.) पदवी घेतली. त्यानंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) दाखल झाले आणि तेथील तत्कालीन संचालक व रंगरसायनांचे तज्ज्ञ कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९६४ मध्ये पीएच.डी. मिळविली. १९७५–७७ या काळात त्यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात ई. जे. कोरी यांच्याबरोबर संशोधन केले.

पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या कीटकांपासून लाख मिळते. कच्ची लाख धुताना निघणाऱ्या तांबड्या पाण्यातील रंग तुरटीसारख्या रंगबंधकाच्या साहाय्याने रेशमावर व लोकरीवर पक्का बसतो. लॅक्काइक अम्ल या नावाने ओळखला जाणारा हा रंग एकच संयुग नसून अँथ्राक्विनोन वर्गातील अनेक निकटच्या अम्लांचे मिश्रण आहे, हे वेंकटरामन व रामाराव यांच्या गटाच्या कामातून स्पष्ट झाले. ए, बी आणि सी या अम्लांचा मुख्य सांगाडा सारखाच असून फरक आहे तो बाजूच्या लहानशा शृंखलेत : ए अम्लाच्या शृंखलेच्या टोकाला ॲसिटिल-अमिनो गट असतो, बी मध्ये त्या जागी हायड्रॉक्सिल गट असतो, तर सी मध्ये ॲमिनो अम्लाची रचना आढळते. याच गटाने फणस व त्याच्या कुळातील इतर झाडांच्या लाकडातील पिवळ्या फ्लॅव्होनांचाही अभ्यास केला. फणसाच्या गाभ्याच्या लाकडाचा हा रंग बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगविण्यासाठी वापरला जात आला आहे.

मिश्रणातून सारखी दिसणारी संयुगे वेगळी काढून त्यांची संरचना ठरविण्याचे हे कसब औषधांच्या कामात उपयोगी पडले. सदाफुलीच्या पानांत व्हिनब्लास्टीन व व्हिनक्रिस्टीन ही कर्करोगविरोधी अल्कलॉइडे असतात. मात्र अनेक अल्कलॉइडांच्या मिश्रणात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. त्यांतही व्हिनक्रिस्टीन अधिक दुर्मिळ आहे. व्हिनब्लास्टीनमधील एका नायट्रोजनावर मिथिल गट असतो, तर व्हिनक्रिस्टीनमध्ये त्याच जागी फॉर्मिल गट असतो. त्यामुळे नियंत्रित ऑक्सिडीकरणाने पहिल्यापासून दुसरे बनविता येते. बालकांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टीनला महत्त्वाचे स्थान आहे. ही दोन्ही औषधे मिळविण्याचे तंत्र रामाराव यांनी एनसीएलमध्ये विकसित केले व सिप्ला कंपनीने त्यांचे उत्पादन केले.

१९८५ ते १९९५ या काळात ते हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे (नंतरची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था) संचालक होते. एचआयव्हीवर अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळालेले पहिले औषध झिडोव्हुडीन (एझेडटी) तयार करण्याची पद्धत तेथे विकसित झाली आणि सिप्लाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस हे औषध भारतात बाजारात आणले. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे, ते फक्त बनविण्याच्या प्रक्रियेला मिळे. त्यामुळे वेगळी प्रक्रिया शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला तेच औषध बनविण्याची वाट कायद्यानेच मोकळी होती. २००५ पासून उत्पादन-पेटंट पुन्हा लागू होईपर्यंत ही स्थिती टिकली. भारतीय औषध उद्योगाच्या वाढीत रामाराव यांच्यासारख्या प्रक्रिया-संशोधकांचे महत्त्व या तरतुदीमुळे वाढले. याच काळात व्हँकोमायसीनसारख्या गुंतागुंतीच्या प्रतिजैविकांच्या संश्लेषणावरही त्यांनी काम केले.

निवृत्तीनंतर १९९५ मध्ये त्यांनी हैदराबाद येथे अव्रा लॅबोरेटरीज ही कंपनी स्थापन केली. भारत सरकारने त्यांना पद्मश्री (१९९१) व पद्मभूषण (२०१६) हे सन्मान दिले.