पुरवठादाराची वही कोणासाठी उघडते?

आजचा प्रश्न साधा आहे. माल विकणारा आपला खरा खर्च गिऱ्हाइकाला का सांगेल? खर्च कळला की समोरचा आपल्या नफ्यावर बोट ठेवणार, हे कुठल्याही दुकानदाराला ठाऊक असतं. तरीही अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पुरवठादारांनी एके काळी आपले हिशोब कंपनीपुढे मांडले. ते का, आणि पुढे काय झालं, ते आज पाहू.

आधीची रीत अशी होती. सुट्या भागाचं डिझाइन कंपनी करायची, कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम द्यायची. यात पुरवठादाराने खर्च वाचवायची युक्ती सुचवली, तर पुढच्या वेळी त्याचाच दर कापला जाणार. मग तो कशाला बोलेल? गप्प बसणंच शहाणपणाचं होतं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस क्रायस्लर अडचणीत होती. तिने होंडाच्या पद्धतीचा अभ्यास केला. १९८७ साली विकत घेतलेल्या अमेरिकन मोटर्समधली माणसंही पुरवठादारांवर भिस्त ठेवून काम करायला सरावलेली होती. त्यातून हिशोब उलटा झाला. गाडीला गिऱ्हाईक किती पैसे देईल ते आधी ठरवायचं, त्यातून नफा वजा करायचा आणि उरलेल्या रकमेत प्रत्येक भाग कसा बसवायचा, हे पुरवठादारासोबत बसून पाहायचं. पुरवठादार आधीच निवडलेला असे, त्यामुळे काम हातचं जाण्याची भीती कमी.

याच काळात थॉमस स्टॉलकँप यांच्या खरेदी विभागाने ‘स्कोर’ नावाची योजना सुरू केली. पुरवठादाराने खर्च कमी करायची कल्पना सुचवायची आणि वाचलेले पैसे दोघांनी वाटून घ्यायचे. आता बघा, इथे खरी मेख आहे. पुरवठादाराचा बराचसा खर्च गिऱ्हाइकाच्या अटींमुळेच वाढलेला असतो. समजा, एकाच कामाच्या भागाचे पाच आकार मागवले, तर साचेही पाच लागणार. हे कंपनीला दिसत नाही, कारखानदाराला दिसतं. १९९५च्या अखेरपर्यंत अशा ५,३०० कल्पना अमलात आल्या आणि त्यातून क्रायस्लरची वर्षाला १.७ अब्ज डॉलरहून जास्त बचत होत होती.

त्याच वेळी जनरल मोटर्स नेमकी उलट्या वाटेने चालली होती. १९९२ मध्ये खरेदीची सूत्रं होसे इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे आली. त्यांनी जुने करार गुंडाळून नव्याने दर मागवले आणि मोठ्या कपाती घेतल्या. पैसे वाचले, पण पुरवठादारांचा विश्वास गेला.

१९९८ मध्ये क्रायस्लरचं डाइम्लर-बेंझशी विलीनीकरण झालं. १९९९ मध्ये स्टॉलकँप बाहेर पडले. २००० साली कंपनी तोट्यात गेली आणि वर्षाअखेरीस पुरवठादारांना निरोप गेला: १ जानेवारी २००१ पासून दर ५ टक्के कमी, पुढच्या दोन वर्षांत आणखी १० टक्के.

तोटा खरा होता, हे मान्य करू. पण ज्यांनी हिशोब उघडे केले होते, त्यांना आणि ज्यांनी लपवले होते त्यांना एकच कात्री लागली. मग पुढच्या वेळी वही कोण उघडणार?

मंडळी, खर्चाची माहिती करारातल्या एका कलमाने मिळत नाही. ती सांगणाऱ्याच्या पदरात काही पडतं, तोवरच ती खरी मिळते.