जनाबाईंचा अभंग आणि फाइलचा पत्ता

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांच्या रचनेचा अभ्यास करू जाणाऱ्याला पहिली अडचण येते ती पत्त्याची. जनाबाईंचे अभंग टिकले ते मुख्यतः नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने. टिपणात ‘अभंग क्रमांक अमुक’ असे लिहिले, तर तो क्रमांक त्या एका छापील आवृत्तीपुरताच खरा. दुसरी गाथा उघडावी, तर त्याच क्रमांकावर भलताच अभंग भेटतो.

गाथांच्या संपादकांनी यावर एक साधा उपाय योजला होता: प्रथम चरणांची अकारविल्हे सूची. क्रमांक अभंगाची जागा सांगतो. प्रथम चरण अभंगच सांगतो. जागा बदलली तरी चरण सापडतो.

हाच पेच संगणकाच्या जगात १९७० च्या दशकात उभा राहिला. अमेरिकेतील बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ हा टेक्स्ट एडिटर घडवला. त्याच्या जोडीला आलेले ‘सीटॅग्ज’ हे साधन एक सूची तयार करी. तिच्या प्रत्येक ओळीत शोधायचे नाव, फाइलचे नाव आणि त्या फाइलीतील मूळ ओळीचाच मजकूर असे. वरच्या बाजूला दहा ओळी नव्याने घातल्या की ओळ क्रमांक निरुपयोगी होतो. मजकूर मात्र शोधता येतो. गाथेची चरणसूची आणि ही सूची यांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, पण युक्ती एकच आहे.

पुढे वेब आले. डिसेंबर १९९४ मध्ये वेबपत्त्यांची रीत एका दस्तऐवजात नोंदवली गेली. त्याचा क्रमांक १७३८. पत्त्याच्या आरंभी, विसर्गासारख्या दोन टिंबांच्या आधी येणारे नाव म्हणजे ‘स्कीम’: एचटीटीपी, एफटीपी, मेलटू, फाइल. यांतील ‘फाइल’ स्कीम फाइलचे ठिकाण दाखवते. ती कोणत्या एडिटरमध्ये, कोणत्या ओळीवर उघडावी, हे सांगत नाही. ही उणीव एडिटरांनी स्वतःच्या स्कीमने भरली. २००४ साली मॅकवर आलेल्या ‘टेक्स्टमेट’ची स्कीम होती ‘टीएक्सएमटी’. तिच्या दुव्यात फाइलचा मार्ग, ओळ आणि स्तंभ लिहिता येतो. ब्राउझरमध्ये टिचकी मारताच एडिटर नेमक्या जागी उघडतो. ‘व्हीएस कोड’मध्येही अशीच सोय आहे. आपली स्वतःची स्कीमही नोंदवता येते: विंडोजवर रजिस्ट्रीत, लिनक्सवर एका छोट्या डेस्कटॉप फाइलीत. सावधगिरी मात्र हवी. कोणतेही वेबपान असा दुवा हाक मारल्यासारखा वापरू शकते. म्हणून आपल्या आज्ञावलीने ठरावीक फोल्डरातील फाइल फक्त उघडावी, काहीही चालवू नये.

माझ्या टिपणांतील दुवे आरंभी ओळ क्रमांकावर बेतलेले होते. एका संध्याकाळी अभंगांच्या फाइलीला वर छोटी प्रस्तावना जोडली आणि सगळे दुवे घसरले. गाथेच्या क्रमांकाचा जुना रोग मी माझ्याच हाताने संगणकात आणला होता.

कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ साली ईमॅक्स एडिटरसाठी सुरू केलेल्या ‘ऑर्ग मोड’मध्ये यावर दोन तोडगे आहेत. दुवा मजकुराच्या शोधावर बेतता येतो, किंवा नोंदीच्याच पोटात एक अद्वितीय ओळखचिन्ह ठेवता येते. दुसरा मार्ग अभंगाच्या मुद्रेची आठवण करून देतो. अखेरीस येणारी ‘नामयाची दासी जनी’ ही ओळख अभंग कोठेही गेला तरी त्याच्यासोबत जाते. परंतु मुद्रा अद्वितीय नसते. सोळाव्या शतकातील विष्णुदासनाम्याची पदे ‘नामा’ या सारख्याच नावामुळे नामदेवांच्या गाथेत मिसळली, आणि ती वेगळी काढण्यात अभ्यासकांचा बराच काळ गेला. यंत्राने दिलेले लांबलचक चिन्ह सहसा असे दुसऱ्याशी जुळत नाही. पण उद्या ती प्रणाली बंद पडली, तर त्या अक्षरांवरून माणसाला काय उमगणार?

म्हणून मी चरणाकडे परतलो. ‘ऑर्ग मोड’मध्ये स्वतःचा दुव्याचा प्रकार घडवता येतो. माझ्या दुव्यात ‘जनी’ हे नाव आणि पुढे प्रथम चरणाचे पहिले काही शब्द एवढेच असते; एडिटर फाइलीत ते शोधून अभंग उघडतो. तेथेही एक अडथळा आलाच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुस्वार गाळले. त्यामुळे जुन्या गाथेतील ‘नांव’ आणि नव्या आवृत्तीतील ‘नाव’ यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द ठरतात. आता शोधापूर्वी दोन्हीकडचे अनुस्वार बाजूला काढले जातात. मूळ फाइलीला धक्का लागत नाही. एकाच आरंभाचे दोन अभंग निघाले, तर दोन्ही समोर येतात, आणि कोणता हवा ते दोन्ही वाचूनच ठरवावे लागते.